वसंतातली आषाढाची बेगमी

चैत्र उजाडला की कोल्हापूरच्या पेठापेठांतून चटणीचा वास सुटतो. गच्चीवर मिरच्या वाळत असतात, घरात खोबरं, तीळ, धणे भाजले जातात, आणि कांडपाच्या गिरणीबाहेर डब्यांची रांग लागते. वर्षाची कांदा-लसूण चटणी बरण्यांत भरली, पापड-कुरडया डब्यांत गेल्या की घर निर्धास्त होतं. मग पंचगंगेला कितीही पाणी येवो.

याच दिवसांत परसात चिकूच्या किंवा आंब्याच्या सावलीत एखादी मधपेटी असेल, तर दुपारच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसावं. समोर नको, कारण ती माश्यांची येण्याजाण्याची वाट असते. बाजूला बसावं आणि पेटीच्या दाराकडे पाहावं. काही माश्या फळीला पाय रोवून उभ्या असतात. त्या उडत नाहीत, चालत नाहीत; पंख मात्र इतक्या वेगाने हलवतात की पंखांच्या जागी नुसतं धुकं दिसतं. कान जवळ नेला तर अखंड घूं ऐकू येते. या माश्या घराला वारा घालत आहेत. आपल्या देशी माशीचं तोंड त्या वेळी बाहेरच्या बाजूला असतं, म्हणजे ती ताजी हवा आत ढकलते. युरोपातली माशी नेमकी उलटी, तोंड दाराकडे करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. काम एकच, पण उभं राहण्याची रीत वेगळी. लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन बहिणींनी आपापल्या घरची रीत अजून सोडलेली नाही.

आत काय चाललंय, तर बेगमी. चटणीसारखीच, पण ती कशासाठी आहे हे कळलं तेव्हा वसंताकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

मधमाशीपालनाची बहुतेक जुनी पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. तिथल्या माशीचा शत्रू हिवाळा. बर्फ पडतं, फुलं संपतात, माश्या एकमेकींना बिलगून साठवलेल्या मधावर दिवस काढतात. मग वसंत येतो आणि सगळं जागं होतं. आपल्याकडे असं नाही. कोल्हापूरच्या थंडीत माशीला काही अडत नाही, उलट दसरा-दिवाळीपासून रानफुलांवर तिची घडी बसू लागते. आपल्या माशीचा खरा हिवाळा आषाढात येतो. गगनबावड्याकडून धारा लागल्या की दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही. जी काही फुलं असतात त्यांतला मकरंद पावसाने धुऊन जातो. पेटीत ओल येते. ते दोन-अडीच महिने काढायचे ते साठवलेल्या मधावर. म्हणून इथला वसंत म्हणजे झोपेतून उठण्याचा नव्हे, तर कोठार भरण्याचा काळ. मृगाची चाहूल लागेपर्यंत जे आत येईल तेच आपलं.

परसात ठेवायची माशी कोणती, हा पहिला प्रश्न. आपल्या भागात मध साठवणाऱ्या माश्यांच्या मुख्य जाती चार. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला एकच भलंमोठं उघडं पोळं लावते ती आग्या माशी. ती पेटीत राहत नाही. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते ती फुलोरी, तीही कोंडून घेत नाही. भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली इवलीशी पोया माशी मध देते, पण अगदी थोडा. चौथी सातेरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या वाड्याच्या भिंतीत अंधारात एकामागे एक समांतर पोळी बांधणारी. तिला अंधार आणि आडोसा हवा असतो, म्हणूनच ती पेटी आपलं घर मानते. परदेशातून आलेली मेलिफेरा माशी मध कितीतरी जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे पेट्या घेऊन फिरवावं लागतं. परसातल्या एक-दोन पेट्यांना सातेरीच बरी. ती याच मातीतली आहे, इथला पाऊस तिला ठाऊक आहे.

ती पेटीत राहू शकते यामागे एक सुंदर शोध आहे. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की माश्या दोन पोळ्यांमध्ये ये-जा करण्यापुरती ठरावीक फट सोडतात, साधारण सहा ते नऊ मिलिमीटर. फट मोठी असली तर तिथे नवं पोळं बांधतात, लहान असली तर बुजवतात. पण नेमकी तेवढीच असली तर तिला हात लावत नाहीत. म्हणजे लाकडी चौकटी एवढ्या अंतराने टांगल्या तर माश्या प्रत्येक चौकटीत सुटं पोळं बांधतील, आणि माणसाला ते मोडतोड न करता उचलून पाहता येईल. एका बोटाच्या जाडीएवढ्याही नसलेल्या त्या फटीवर जगभरचं मधमाशीपालन उभं आहे. सातेरी अंगाने लहान, म्हणून तिची पेटी आणि चौकटीही लहान. खाली पिल्लांचा कोठा, वर मधाचा कोठा. स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

माघात ऊन चढू लागलं की पेटीची पहिली पाहणी करावी. सकाळी, वारा नसताना, सावकाश. धुराचे दोन हलके झोत द्यावेत. धुराने दोन गोष्टी होतात. घराला आग लागली असावी म्हणून माश्या मध पोटात भरून घेण्याच्या मागे लागतात. आणि पहारेकरी माशीने धोक्याचा वास सोडला तरी तो धुरात हरवतो. या धोक्याच्या वासातला एक घटक पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो. म्हणून पेटीजवळ केळं खाऊ नये, असं जाणते मधपाळ सांगतात. ज्यांना माशीच्या डंखाने अंगावर गांधी उठतात किंवा श्वास अडतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

चौकट उजेडात धरली की पोळ्याचा नकाशा उलगडतो. मधोमध पिल्लं, त्यांच्याभोवती परागाची रंगीत कमान, आणि वरच्या कडेला मध. स्वयंपाकघरात चुलीजवळ रोजचं पीठ-मीठ आणि माळ्यावर साठवण ठेवावी, तसंच हे. मधल्या एखाद्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, उभं अंडं दिसलं की जीव भांड्यात पडतो. राणी दिसली नाही तरी चालेल, ती आहे एवढं कळतं. बहरात राणी दिवसाला काहीशे अंडी घालते. तीन दिवसांनी अंड्यातून अळी निघते, मग तिच्या घराला मेणाचं झाकण लागतं, आणि अंड्यापासून साधारण विसाव्या दिवशी कामकरी माशी झाकण कुरतडून बाहेर येते. हे सगळं होताना पिल्लांच्या भागातलं तापमान चौतीस-पस्तीस अंशांवर धरलेलं असतं. बाहेर पहाटेचा गारवा असो की वैशाखाचं चाळीस अंशांकडे झुकणारं ऊन. गार असेल तर माश्या पंख न हलवता नुसते उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब देतात. गरम असेल तर पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि वारा घालतात. म्हणून मार्चपासून परसात पसरट भांड्यात पाणी ठेवावं, त्यात खडे किंवा गोणपाटाचा तुकडा टाकावा, म्हणजे माशी बुडत नाही.

नव्या माशीला कुणी शिकवत नाही. जन्मल्यावर ती आधी घरं साफ करते, मग पिल्लांना भरवते. पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पातळ पापुद्रे सुटू लागले की पोळं बांधते. पुढे दाराशी आलेला मकरंद उतरवून घेते, पहारा देते, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावरच रानात जाते. सगळ्यात धोक्याचं काम सगळ्यात वयस्कर माश्यांकडे असतं. बहराच्या दिवसांत हे सारं आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपासचं. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटी लागणार आहे.

या माश्या जातात कुठे? कोल्हापूरभोवती नजर टाकली तर हिरवा समुद्रच दिसतो, पण तो उसाचा. उसाचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो, आणि बहुतेक ऊस तुरा येण्याआधीच तोडला जातो. माशीच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे हिरवं वाळवंट आहे. गुऱ्हाळांवर रसाच्या वासाने माश्या जमतात खऱ्या, पण त्यातल्या कितीतरी काहिलीत पडून मरतात. शहरातली माशी जगते ती परसांवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर. शेवगा, लिंबू, नारळ, मग कडुनिंब, करंज, चिंच, वर्षावृक्ष. ज्या गल्लीत जुनी झाडं टिकली आहेत तिथली पेटी भरते, जिथे फरशी घातली तिथली रिकामी राहते. भाजीच्या वाफ्यावर औषध मारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर मारावं, एवढी विनंती शेजाऱ्यांना जरूर करावी.

पश्चिमेकडे भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीत गेलं की चित्र पालटतं. काटेसावर आणि पांगारा लाल होऊन जातात. त्यांचा लाल रंग माशीला आपल्यासारखा दिसतच नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो, आणि त्या प्रकाशात फुलांवर वेगळ्याच खुणा असतात. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या गुच्छांनी भरतात. मग जांभळीचा पांढुरका मोहोर येतो, आणि त्यामागून हिरडा. जांभळीच्या झाडाखाली उभं राहिलं तर झाडच गुणगुणतंय असं वाटतं. कारवी मात्र सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा डोंगराचे डोंगर एका रंगाचे होतात. तेवढं आयुष्य कुठल्याच कामकरी माशीला नसतं.

चांगली जांभूळ सापडलेली माशी घरी येऊन ते सांगते, तेही अंधारात. पोळ्याच्या उभ्या भिंतीवर ती पोट थरथरवत सरळ रेषेत चालते, वळून मागे येते, पुन्हा चालते. ती रेषा सरळ वर गेली तर अर्थ: सूर्याच्या दिशेने चला. उजवीकडे तीस अंश कलली तर सूर्याच्या उजवीकडे तीस अंश. चाल जितका वेळ टिकते तितकं अंतर. सूर्य आत दिसत नाही, म्हणून ती त्याच्या जागी ‘वर’ ही दिशा धरते. एका गोष्टीच्या जागी दुसरी मानणं म्हणजे तर भाषाच. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे नृत्य उलगडलं आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर पुढे श्रीलंकेत आले आणि त्यांनी आपल्याकडच्या आग्या, फुलोरी, सातेरी माश्यांचीही नृत्यं वाचली.

फुलोरा वाढतो, पिल्लं वाढतात आणि पेटी दाटू लागते. मग माश्यांच्या मनात येतं ते वसाहत फोडण्याचं. मराठीत ‘मोहोळ उठणं’ म्हणजे खळबळ, गोंधळ, हल्ला. प्रत्यक्षात वसंतातलं हे उठणं अतिशय शिस्तीचं असतं. आधी नरांची घरं वाढतात. सातेरीच्या नरघराची एक खूण विलक्षण आहे. वरचं मेण खरवडलं गेलं की टोपीच्या टोकाला एक बारीक भोक दिसतं, जणू छोटा ज्वालामुखीच. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं येतात. त्यांतलं अंडं वेगळं नसतं. कामकरी माशी ज्या अंड्यातून होते त्याच अंड्यातून राणी होते. फरक पडतो तो तिला अखेरपर्यंत मिळणाऱ्या राजान्नाचा आणि ऐसपैस घराचा. साधारण सोळाव्या दिवशी ती बाहेर येते, म्हणजे कामकरी माशीच्याही आधी.

आणि नवी राणी येणार म्हणून घर सोडून कोण जातं? म्हातारी राणी. बांधलेलं घर, भरलेला मध, वाढती पिल्लं लेकीला ठेवून ती जवळजवळ निम्म्या माश्यांसह बाहेर पडते. तो घोळका जवळच्या फांदीला लोंबतो आणि टेहळ्या माश्या नवी ढोली शोधायला जातात. १९४९ च्या वसंतात म्युनिकमध्ये लिंडाउअर यांना अशाच घोळक्यावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. त्यांच्या अंगावर पराग नव्हता. कुणी काजळीने काळी होती, कुणी विटांच्या भुकटीने लाल. युद्धात पडझड झालेल्या शहरातली धुराडी आणि पडक्या भिंती पाहून त्या आल्या होत्या, आणि नाचून सांगत होत्या की मी पाहिलेली जागा घ्या. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त वेळ. बाकीच्या जाऊन स्वतः खात्री करतात, हळूहळू कौल एका जागेकडे झुकतो, आणि मग सगळा घोळका उठतो. राणीचा यात हुकूम नसतो. ती सगळ्यांबरोबर जाते.

मधपाळाला हे उठणं आधी ओळखावं लागतं, नाहीतर निम्मी वसाहत शेजारच्या गल्लीत जाते. दर आठ दिवसांनी पोळ्यांची खालची कड पाहावी. नुसती दाटी असेल तर वर मधाचा कोठा चढवून जागा वाढवावी. राणीघरं भरली असतील तर त्यांच्याच बेतात सामील व्हावं आणि विभाजन करावं. जुनी राणी पिल्लांच्या तीन-चार चौकटी आणि भरपूर माश्यांसह नव्या पेटीत न्यावी, जुन्या पेटीत एक उत्तम राणीघर ठेवावं. रानात गेलेल्या माश्या सवयीने जुन्याच जागी परततात, म्हणून नव्या पेटीत कोवळ्या माश्या जास्त घ्याव्यात.

जुन्या पेटीतली नवी राणी काही दिवसांनी आकाशात झेप घेते आणि तिथेच अनेक नरांशी तिचं मीलन होतं. आकाश तर एकच, आणि आग्या, फुलोरी, सातेरी तिघींच्याही राण्या नरांना बोलावतात त्या वासाचा मुख्य घटक एकच. मग घोळ कसा होत नाही? १९७६ साली श्रीलंकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे फुलोरीचे नर भर दुपारी उडत होते, सातेरीचे चारनंतर, आणि आग्याचे दिवेलागणीला. एकाच अंगणात तीन लग्नं लागावीत आणि मुहूर्त मात्र वेगळे असावेत, तसं.

चैत्र-वैशाखात मध येतो. माशी आणते तो मकरंद म्हणजे बहुतांशी पाणीच. घरातल्या माश्या त्याचा थेंब जिभेवर पुन्हा पुन्हा पसरतात, त्यात आपली पाचक द्रव्यं मिसळतात आणि घरांत पातळ थर देऊन ठेवतात. मग रात्रभर वारा. पाणी वीस टक्क्यांच्या आसपास उतरलं की घरावर मेणाचं झाकण बसतं. दुपारी दाराशी ऐकलेली घूं ती हीच, मध आटवण्याची. गूळ करायला आपण चुलाण पेटवतो, माशी नुसत्या पंखांनी आटवते.

झाकलेला मधच काढावा, न झाकलेला आंबतो. पिल्लांच्या कोठ्याला हात लावू नये. मधयंत्रात चौकट फिरवली की मध बाहेर फेकला जातो आणि रिकामं पोळं अख्खं परत देता येतं. पोळं परत देणं हे मोठं देणं आहे, कारण थोडं मेण करायला माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. जुनी काळी पोळी मात्र काढून टाकावीत. त्यांत मेणकिडा शिरतो, आणि फार त्रास झाला तर सातेरी एका सकाळी घर सोडून निघून जाते. ती बांधलेली नाही.

पूर्वी रानात मोहोळाखाली आग करून, पिल्लांसकट पोळं पिळून मध काढत. ती रीत बदलण्याचं काम महाराष्ट्रात महाबळेश्वरातून झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथेच आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. १६ मे २०२२ रोजी महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, आणि त्यानंतर हा मान मिळाला तो आपल्याच जिल्ह्यातल्या पाटगावला. भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्यात, मौनी महाराजांच्या मठासाठी आणि धरणासाठी ओळखलं जाणारं हे गाव. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्तम पर्यटन गावांच्या २०२३ च्या स्पर्धेत त्याला कांस्य गटात स्थान मिळालं. पाटगावचा मध जंगलाच्या जिवावर आहे. जांभूळ आणि हिरडा उभे आहेत तोवरच तो आहे.

मे सरत येतो. वळीव पडून जातो, मातीचा वास येतो आणि पेटीच्या दाराशी घाई वाढते. आता चौकट उचलून एकच हिशेब करायचा असतो: किती ठेवायचं? मला या प्रश्नापाशी दरवेळी थांबावंसं वाटतं. फाल्गुनात जिने जांभळीच्या पहिल्या फुलावरून मकरंद आणला, ती माशी सहा आठवड्यांनी संपली. तिने पाऊस पाहिला नाही. आषाढात जी तो मध खाईल, तिने जांभळीचं फूल पाहिलेलं नसेल. एकीने न पाहिलेल्या दिवसांसाठी साठवलं, दुसरी न पाहिलेल्या फुलांवर जगते. राणी दोन्ही ऋतूंत असते, पण ती अंधारात. पोळ्यावरून हात फिरवताना फूल आणि पाऊस दोन्ही पाहिलेला तिथे एकटा माणूसच असतो.

म्हणून पेटीशेजारी उभं राहून आभाळाकडे पाहावं, वरच्या झाकलेल्या मधाच्या दोन चौकटी काढता काढता पुन्हा आत ठेवाव्यात, आणि झाकण लावावं. आपल्या घरात बरण्या भरलेल्या आहेत. त्यांच्याही असू द्याव्यात.